स्वच्छ आवाज ही चैन आहे का?

खिडकीपाशी (धागाकर्ता)

"सामान्य माणसाला दर्जाबिर्जाशी काही देणंघेणं नसतं, त्याला स्वस्त आणि पटकन पाहिजे." ऑफिसात, ट्रेनमध्ये, घरी हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सामान्य माणसाला दर्जाची फार पडलेली असते. तो तक्रार लिहून पाठवत नाही एवढंच, रिमोट उचलतो.

आमच्याकडे गिरगावात रात्री सिनेमा लावला की संवाद कळावेत म्हणून आई आवाज वाढवते आणि मारामारी सुरू झाली की शेजाऱ्यांसाठी कमी करते. सिनेमा संपेपर्यंत हेच. तिचे कान ठणठणीत आहेत, डॉक्टरांकडून तपासून आणलेत. गोम वेगळी आहे. मोठ्या सिनेमांचा आवाज सहा चॅनेलमध्ये, म्हणजे सहा वेगळ्या स्पीकरांसाठी, मिसळलेला असतो, त्यालाच 5.1 म्हणतात. संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. घरच्या टीव्हीला स्पीकर दोन. सगळं त्या दोनांत कोंबलं की संवाद पार्श्वसंगीताखाली दबतात. त्यात टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर बारके झाले, आणि बऱ्याच टीव्हींत त्यांची तोंडं जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे.

आणि दुकानात आपल्या गळ्यात काय मारतात? फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र. 43 इंची टीव्हीवर साध्या फुल एचडीचा एक ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असतो. चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण साडेपाच फुटांपलीकडून तो सुटा दिसत नाही. आमचा पलंग टीव्हीपासून आठ फुटांवर आहे. म्हणजे डोळ्याला कळणार नाही त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे, आणि ऐकू न येणाऱ्या संवादांबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. आवाज आधी, चित्र नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काय?

विरार_फास्ट

साफ असहमत. मार्च 2020 आठवा. टाळेबंदीत नेटवर ताण येऊ नये म्हणून ओटीटीवाल्यांनी मोबाइल डेटावर चित्राचा दर्जा 480पी पर्यंत, म्हणजे जेमतेम 480 ओळींच्या चित्रापर्यंत, खाली आणला होता. आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर हे कोणाच्या लक्षातही नाही. लोक बघत राहिले, कारण बघायला मिळत होतं हेच महत्त्वाचं होतं.

त्याच्या मागे जा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. त्याआधी आमच्या घरी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचे, व्हिडिओ उघडायच्या आधी विचार करायचे. तो हिशोब संपला ही खरी क्रांती. मागच्या वर्षी बाबांना सुट्टी मिळाली नाही तेव्हा त्यांनी गावच्या गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर पाहिली. चित्र अडकत होतं, टाळ आणि तोंड जुळत नव्हतं. पण त्यांनी शेवटपर्यंत हात जोडलेले होते. त्यांना बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते, सांगायला जाल का?

खिडकीपाशी

नाही जाणार. पण तुमच्याच उदाहरणात बघा, चित्र अडकलं तरी त्यांनी कॉल सोडला नाही. आवाज गेला असता तर? नेट बिघडलं की आपण सगळेच म्हणतो, "थांब, व्हिडिओ बंद करतो." आवाज बंद करून चित्र ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि 480पी चं म्हणाल तर तो निर्बंध मोबाइल डेटासाठी होता. हाताएवढ्या स्क्रीनवर तेवढं पुरतं. मी चित्राची बाजू मांडतच नाहीये.

शिक्षिका_परळ

खिडकीपाशी, तुमच्या बाजूने माझं मत. टाळेबंदीत वर्षभर नववीला ऑनलाइन शिकवलं. माझा चेहरा मुलांना दिसला नाही तरी धडा पुढे जायचा. पण अर्धी वाक्यं तुटायला लागली की मुलं आधी गप्प व्हायची आणि मग एकेक करून निघून जायची. तुटक ऐकताना डोकं गाळलेले शब्द भरत बसतं, त्यात ते इतकं थकतं की समजून घ्यायला काही उरत नाही. हुशार मुलंही "कळलं नाही बाई" म्हणायला लाजत होती, कारण त्यांना वाटायचं चूक आपल्या डोक्याची आहे. हे मला फार लागलं.

साध्या फोनवरही तेच. जुना कॉल साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (स्वर किती उंच ते मोजायचं माप) एवढाच पट्टा पाठवतो. 'स', 'श' यांची बरीचशी शीळ त्याच्या वर असते, म्हणून 'साठ' म्हटलं की पलीकडे 'आठ' ऐकू जातं. व्होल्टीईवर, म्हणजे 4जी वरून जाणाऱ्या कॉलवर, एचडी व्हॉइस मिळाला तर हा पट्टा 7000 पर्यंत जातो आणि तोच माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटतो. वय वाढतं तसं आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना तर हा फरक फार जाणवतो.

तारवाला

तुम्ही दोघं "समजण्यापुरतं" यावरच का थांबताय? संगीताचं काय? सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट असतात. आपण वर्षानुवर्षं 128 च्या एमपी3 वर किशोरीताई आमोणकर ऐकल्या. तंबोऱ्याची झणझण, तबल्याच्या शाईची आस, हे सगळं त्यात मेलं. आणि एक पिढी समजून बसली की ध्वनिमुद्रण असंच असतं. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-सीडींचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. तिथे कानाला हेडफोन लावून ऐकून मग विकत घेणारे लोक काही श्रीमंत नव्हते. दर्जा ऐकायची सवय लागते, तशी ती सुटतेही. ॲपल म्युझिकने 2021 पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न कापलेला आवाज, जादा पैसे न घेता दिलंय, तरी लोक सेटिंग उघडून बघत नाहीत याचं वाईट वाटतं.

विरार_फास्ट

आणि ते लॉसलेस ऐकणार कशावर? ब्लूटूथवर ना? ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात; साधा एसबीसी कोडेक 328 किलोबिटच्या आसपास थांबतो, वरच्या दर्जाचा एलडॅक फार तर 990 पर्यंत जातो. तुमचे 1411 फोनमधून बाहेर पडतानाच कापले जातात. वर लोकलचा खडखडाट आणि दारातला वारा. तंबोऱ्याची आस दहिसरच्या पुढे कोणाला ऐकू येते ते सांगा.

तारवाला

म्हणून तर नाव तारवाला घेतलंय. तार जोडा, घरी ऐका, रात्री अकरानंतर ऐका. ट्रेनमध्ये ऐकू येत नाही म्हणून ते नसलं तरी चालेल, हे मला मान्य नाही.

लॅमिंग्टन_दुकान

काउंटरच्या अलीकडून सांगतो. माझ्याकडे नवा टीव्ही घेतलेले लोक परत येतात ते बहुतेक आवाजासाठी, चित्रासाठी क्वचित. तरीही विकत घेताना आवाज कोणी तपासत नाही. कारण साधं आहे. आमच्या रोडवर हॉर्न, हातगाड्या, शेजारच्या दुकानाचा स्पीकर, या गोंगाटात आवाज ऐकवणार कसा? चित्र मात्र रस्त्यापलीकडूनही दिसतं. म्हणून सगळे टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात आणि मोठी स्क्रीन खपते. साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, सुचवला की "पुढच्या दिवाळीला बघू". विरार_फास्ट म्हणतात ते खिशापुरतं खरं आहे. पण लोकांना फरक कळत नाही, हे मी मानणार नाही. बंद खोलीत दोन मिनिटं ऐकवलं की बाईमाणसं आधी विचारतात, "हा कितीला?"

विरार_फास्ट

दुकानदारभाऊ, खिशाच्या आधी जागेचं बोला. आमच्या एका खोलीत पाच माणसं. धाकटी अभ्यासाला बसलेली, आजी झोपलेली, टीव्ही त्याच खोलीत. आवाज वाढवायची सोयच नाही. उत्तम स्पीकर आणून ठेवला तरी तो कुजबुजेल एवढाच लावणार. शांत आणि धाडकन आवाजांमधला जो फरक तुम्हाला थिएटरमध्ये आवडतो, तोच आमच्या घरी भांडणाचं कारण होतो. मुंबईत शांत खोली हीच सगळ्यात महाग वस्तू आहे. आधी ती द्या, मग दर्जावर बोला.

खिडकीपाशी

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि मला तो मनापासून पटतो. पण त्यातून माझंच म्हणणं पुढे जातं. पाच माणसांच्या खोलीत कमी आवाजावरही संवाद कळले पाहिजेत, आणि ते जमतं. मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणायची सोय बऱ्याच टीव्हींत असते, कुठे 'नाइट मोड' म्हणून, कुठे संवाद स्पष्ट करायचा पर्याय म्हणून. ती मेनूच्या पाचव्या पानावर का लपवतात? बनवणाऱ्यांनीच ठरवून टाकलंय की सामान्य माणसाला याची गरज नाही. माझा राग त्यावर आहे.

लॅमिंग्टन_दुकान

आणखी एक करा, फुकट आहे. ओटीटीवर भाषा निवडता तिथे पुष्कळदा एकच भाषा दोनदा दिसते, एकीपुढे 5.1 लिहिलेलं असतं. साउंडबार नसेल तर बिन-5.1 वाली घ्या. बऱ्याचदा संवाद लगेच वर येतात.

विरार_फास्ट

भाषेचं आज रात्रीच करून बघतो, आजी झोपल्यावर. पण लोक दर्जासाठी हटून बसतील हे मला अजूनही पटलेलं नाही. महिन्याचं रिचार्ज वीस रुपयांनी वाढवून आवाज दुप्पट चांगला देतो म्हटलं, तर आमच्या चाळीत किती जण हो म्हणतील?

शिक्षिका_परळ

माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना विचारा. त्या म्हणतील.