मस्टँगचा मागचा अ‍ॅक्सल: सॉलिड बरा की स्वतंत्र सस्पेन्शन?

पामबीचकर, नेरूळ

सर्वांना नमस्कार. वापरलेली फोर्ड मस्टँग जीटी घेण्याचा माझा विचार चालला आहे. २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीस आलेली, पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ती गाडी. माझे मेहुणे टेक्सासमध्ये राहतात आणि त्यांच्याकडे २०१३ ची मस्टँग आहे. तिला मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच ताठ दांड्याला जोडलेली, तर मी पाहतो आहे त्या गाडीला स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वरखाली होणारे. मेहुण्यांचे म्हणणे असे, की २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डने सॉलिड अ‍ॅक्सल काढला तेव्हाच मसल कारचा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान अमेरिकी गाडीचा, कणा मोडला, आता ती युरोपी कूपेंची नक्कल झाली असून जागेवरून सुटताना जुन्या गाडीसारखी जमीन धरत नाही.

या मतात यांत्रिक तथ्य किती आणि जुन्या गाडीवरची माया किती, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरी शंका अशी, की आमच्या घरच्या स्कॉर्पिओलाही मागे सॉलिड अ‍ॅक्सलच आहे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे पावसाळ्यानंतरचे खड्डे ती वर्षानुवर्षे निमूटपणे सोसते आहे. मग आपल्याकडच्या रस्त्यांना सॉलिड अ‍ॅक्सलच अधिक योग्य नव्हे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, घाई नाही.

गायमुख, ठाणे

आपल्या मेहुण्यांच्या मताला आधार आहे, मात्र तो ते सांगतात त्यापेक्षा बराच मर्यादित आहे.

सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच), दोन्ही बाजूंचे शाफ्ट आणि त्यांना वेढणारे हौसिंग मिळून एकच जड, ताठ वस्तू तयार होते आणि ती सगळी चाकांबरोबर वरखाली होते. स्प्रिंगच्या खालचे हे वजन जितके जास्त, तितके ते आवरणे शॉक अ‍ॅब्सॉर्बरला कठीण जाते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल सबफ्रेमला (बॉडीखाली जोडलेल्या छोट्या चौकटीला), म्हणजे पर्यायाने बॉडीला बांधलेले असते, आणि चाकाबरोबर हलतात ते हब, ब्रेक, आणि लिंका (चाकाला धरून ठेवणारे दांडे) व हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जोर नेणारे दांडे) यांची बाहेरची टोके, एवढेच. घोडबंदर रस्त्यावरच्या उड्डाणपुलांचे सांधे जोरात ओलांडताना सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीचा मागचा भाग टणकन उडून किंचित बाजूला सरकतो, त्यात या वजनाचा वाटा मोठा असतो. त्यातच दोन्ही चाके कावडीसारखी एकाच दांड्याला जोडलेली असल्यामुळे वळणावर एका चाकाखाली खाच आली, की दुसरेही कलते, आणि पकड सर्वांत जास्त हवी असते नेमक्या त्याच क्षणी दोन्ही टायरांचा जमिनीशी असलेला कोन बिघडतो.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट टॉर्कची, म्हणजे पिळणाऱ्या जोराची, आहे. इंजिनाचा जोर प्रोपेलर शाफ्टमधून मागे येतो, तेव्हा तो सॉलिड अ‍ॅक्सलच्या अख्ख्या हौसिंगलाच पिळू पाहतो. परिणामी मागच्या उजव्या चाकावरचा भार घटतो आणि डाव्यावरचा वाढतो. डिफरन्शियल बॉडीला बांधले, की इंजिन बॉडीला एका दिशेने पिळते आणि डिफरन्शियल उलट दिशेने, त्यामुळे तो हिशोब बॉडीतच फिटतो आणि चाकांपर्यंत पोहोचत नाही. व्ही-८ इंजिनाच्या गाडीत, त्यातही ओल्या रस्त्यावर, हा फरक चांगलाच जाणवतो.

आता मेहुण्यांची बाजू. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये चाके फिरवणाऱ्या टॉर्कची प्रतिक्रिया हौसिंगवर येते आणि हौसिंगला धरून ठेवणाऱ्या लिंकांवाटे बॉडीकडे जाते. लिंकांचे कोन विचारपूर्वक ठरवले, तर हीच प्रतिक्रिया गाडीचा मागचा भाग खाली बसू देत नाही आणि टायर जमिनीवर दाबून धरते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ती डिफरन्शियलच्या माउंटिंगवरच संपते. लिंकांच्या वाट्याला येतो तो फक्त चाकाच्या मध्यातून पुढे ढकलणारा जोर. तेवढाच परिणाम साधायचा तर कोन अधिक तीव्र ठेवावे लागतात आणि मग खड्ड्यांत गाडी कडक लागते. शिवाय गाडी मागे बसली, की स्वतंत्र सस्पेन्शनच्या चाकांचा कॅम्बर (उभ्या रेषेशी असलेला कल) बदलून रुंद टायरची आतली कडाच जास्त टेकते, तर सॉलिड अ‍ॅक्सलचे टायर सपाट टेकलेले राहतात. सपाट, कोरड्या, सरळ रस्त्यावर जागेवरून सुटणे, एवढ्या एका कामात सॉलिड अ‍ॅक्सलला निसर्गतःच लाभ आहे. दुर्दैवाने असा रस्ता नेरूळ ते ठाणे या प्रवासात फारसा भेटत नाही.

क्वार्टर माईल, खारघर

वरील प्रतिसाद यांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण इतिहास पाहिल्याशिवाय अमेरिकेतल्या लोकांचा राग समजत नाही. मस्टँगला स्वतंत्र सस्पेन्शन प्रथम २०१५ मध्ये मिळाले, हा समज खरा नाही. १९९९ ते २००४ या काळातल्या एसव्हीटी कोब्रा या जोरदार मस्टँग मॉडेलला ते होते. परंतु फोर्डने ते सॉलिड अ‍ॅक्सलसाठी असलेल्या जुन्याच माउंटिंगच्या जागांवर बसेल अशा बेताने केले होते, आणि अशा तडजोडीत भूमितीला पुरेशी मोकळीक मिळत नाही. जोरात सुटताना मागची चाके थडथड उडत, ज्याला व्हील हॉप म्हणतात. २००३ च्या कोब्रामध्ये सुपरचार्जरसह ३९० अश्वशक्ती आली, तेव्हा तर ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतींच्या पट्टीवर) जाणाऱ्या अनेक मालकांनी स्वतंत्र सस्पेन्शन काढून पुन्हा सॉलिड अ‍ॅक्सल बसवला. ‘मसल कारला स्वतंत्र सस्पेन्शन मानवत नाही’ या समजुतीला तिथे मोठे बळ मिळाले, आणि माझ्या मते तो निवाडा त्या प्रकाराविरुद्ध नसून त्या एका घाईच्या मांडणीविरुद्ध द्यायला हवा होता.

उलट बाजूनेही तेच. मेहुण्यांची गाडी ज्या पिढीतली आहे, ती २००५ ते २०१४ ची मस्टँग म्हणजे तीन लिंका आणि एक पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) यांनी नीट बांधलेला सॉलिड अ‍ॅक्सल. त्यावर उभी राहिलेली २०१२ ची बॉस ३०२ ही ४४४ अश्वशक्तीची गाडी बीएमडब्ल्यू एम३ समोर ठेवून घडवलेली होती आणि वळणांच्या ट्रॅकवर तिने भल्याभल्यांना गप्प केले. चांगला बांधलेला सॉलिड अ‍ॅक्सल हा वाईट जमलेल्या स्वतंत्र सस्पेन्शनपेक्षा केव्हाही सरस, आणि वाद घालणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

शुद्ध ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र पारडे अजून सॉलिडकडेच झुकलेले आहे. फोर्डने कारखान्यातून ड्रॅगसाठी बनवलेली कोब्रा जेट मस्टँग आणि शेव्हरोलेची कोपो कॅमॅरो, या दोन्हींना मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, जरी त्यांच्या रस्त्यावरच्या भावंडांना स्वतंत्र सस्पेन्शन असले तरी. तिथे प्रत्येक वेळी चिकट टायरांसह पूर्ण ताकदीने सुटायचे असते, हाफ शाफ्टचे सांधे तुटण्याची भीती असते, आणि वळायचे नसतेच.

पण ‘स्वतंत्र सस्पेन्शन नाजूक असते’ हा मुद्दा २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमनने पुरता निकालात काढला. रेसिंगच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, आणि सुटताना पुढची चाके हवेत. चॅलेंजरला ते २००८ पासून मिळाले, कॅमॅरोला २०१० पासून. मस्टँग या तिघांत शेवटची आली, आणि त्यामागे निष्ठेपेक्षा खर्च अधिक होता, कारण सॉलिड अ‍ॅक्सल बनवायला स्वस्त पडतो. परंपरेचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या नॅसकार या अमेरिकी शर्यतींच्या मुख्य मालिकेनेही २०२२ च्या नव्या गाडीपासून सॉलिड अ‍ॅक्सल सोडला, हे मेहुण्यांना अवश्य सांगावे.

तुर्भे वर्कशॉप

माझा व्यवसाय गाड्या दुरुस्तीचा असल्यामुळे स्कॉर्पिओच्या शंकेपुरते लिहितो, कारण हा प्रश्न गिऱ्हाईक नेहमी विचारतात.

‘सोसणे’ आणि ‘पकड ठेवणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. स्कॉर्पिओ लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या भक्कम सांगाड्यावर) उभी आहे, तिचे टायर उंच बाजूंचे आहेत आणि चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा आहे. मागचे हौसिंग जाडजूड असून त्यात वाकण्यासारखे थोडेच असते. खड्ड्याचा धक्का ती सोसते, परंतु तो आतल्यांच्या पाठीपर्यंत पोहोचवूनच. सात माणसे आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीला हा सौदा परवडतो, आणि म्हणूनच फॉर्च्युनर, थार, इनोव्हा क्रिस्टा यांनीही तोच मार्ग धरला आहे. महिंद्रानेच एक्सयूव्ही७०० ला मागे स्वतंत्र सस्पेन्शन दिले आणि स्कॉर्पिओ-एनला सॉलिड अ‍ॅक्सल ठेवून त्याला वॅट्स लिंकेज जोडले, जेणेकरून अ‍ॅक्सल वरखाली होताना पॅनहार्ड रॉडप्रमाणे थोडा बाजूला न सरकता सरळ रेषेत राहील. एकाच कंपनीने दोन गाड्यांच्या कामाप्रमाणे दोन उत्तरे दिली आहेत. आपल्याकडची जुनी कॉन्टेसा, जिला हौशी मंडळी देशी मसल कार म्हणतात, तीही सॉलिड अ‍ॅक्सलवरच होती, पण तिच्या इंजिनाने मागच्या अ‍ॅक्सलची परीक्षा कधी पाहिलीच नाही.

मस्टँगचे टायर बुटक्या बाजूंचे आहेत. तिच्या जागी सॉलिड अ‍ॅक्सल असता तर त्याच खड्ड्यात रिम आणि टायर अधिक मार खाते, कारण खालचे वजन जास्त. स्पीड ब्रेकरला पोट घासते त्याचा मात्र या विषयाशी काही संबंध नाही, ते दोन्ही पिढ्यांत घासणारच.

देखभालीत सॉलिड अ‍ॅक्सल नक्कीच सोपा. तेल बदला, लिंकांचे बुश (सांध्यांतले रबरी अस्तर) बदला, झाले. मागच्या चाकांचे अलाइनमेंट करण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये बुश जास्त, सांधे जास्त, आणि चारही चाकांचे अलाइनमेंट आवश्यक. वापरलेली गाडी पाहताना मागच्या टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. ती बाहेरच्या कडेपेक्षा लवकर झिजलेली असेल तर टो (चाकाची पुढच्या बाजूने आत-बाहेर असलेली दिशा) बिघडलेला आहे, किंवा खड्ड्यात एखादी लिंक वाकली आहे. हाफ शाफ्टच्या रबरी बुटांतून ग्रीस बाहेर आले आहे का, आणि डिफरन्शियलच्या माउंटिंगचे बुश चिरले आहेत का, हे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून विकणारा लिफ्टला नाही म्हणत असेल तर तिथूनच परत फिरावे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, त्यामुळे व्यवहार ठरवण्याआधी सुटे भाग किती दिवसांत मिळतील याचीही चौकशी करावी.

पामबीचकर, नेरूळ

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मेहुण्यांना हे सगळे वाचून दाखवले. डीमनच्या उल्लेखावर ते काही बोलले नाहीत, पण कोब्रा जेटचा भाग त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. आता एक उपप्रश्न. २०१५ नंतरच्या मस्टँगमध्येही सुटताना व्हील हॉप होतो आणि त्यावर सबफ्रेमचे कडक बुश बसवणे हा उपाय आहे, असे ते म्हणतात. गाडी घेतल्याबरोबर ते काम करून घ्यावे काय?

गायमुख, ठाणे

मूळ तक्रार खरी आहे. त्या गाडीची सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामधले बुश आवाज व कंप अडवण्यासाठी मऊ ठेवलेले आहेत. जोरात सुटताना सबफ्रेम थोडी पिळली जाते, टायर पकड सोडतो, सबफ्रेम सैल होते, टायर पुन्हा पकड घेतो, आणि हे चक्र वेगाने सुरू राहिले की चाके थडथडतात. बुश कडक केले किंवा त्यांच्या पोकळ्या भरल्या की हालचाल घटते आणि थडथड बरीच कमी होते. याच रोगावर २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीमध्ये डावा आणि उजवा हाफ शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे दिले होते, जेणेकरून दोन्ही बाजू एकाच लयीत थरथरू नयेत. तो उपाय मला अधिक सुंदर वाटतो, पण तो कारखान्यातच करायचा.

तुम्ही मात्र लगेच काही बदलू नये. कडक बुशांमुळे डिफरन्शियलची घरघर आणि सायन-पनवेल महामार्गावरच्या काँक्रीटच्या सांध्यांचा ठोका थेट आसनापर्यंत येईल, आणि व्हील हॉप जागवण्याइतक्या जोराने सुटायला इथल्या रस्त्यांवर ना जागा आहे ना परवानगी. आधी टायर पाहा. जुनाट, कडक झालेल्या टायरांनीही हीच थडथड सुरू होते, आणि नवे टायर तर तुम्हाला तसेही घ्यावेच लागतील.