मेंढ्यांमागे पळणारा कुत्रा आणि शॉक कॉलर: इंग्लंडमध्ये चालतो, वेल्समध्ये गुन्हा?

ब्रिस्टलवाला
नमस्कार मंडळी, आमचा खंड्या स्पॅनिअल क्रॉस आहे, घरात एकदम शहाणा पण मेंढ्या दिसल्या की कान बंद, हाका मारून घसा बसतो तरी साहेब वळून बघत नाहीत. इथे मेंढ्यांमागे लागलेला कुत्रा दुसऱ्या कशानेच आवरत नसेल तर शेतकरी गोळी घालू शकतो, १९७१च्या ॲनिमल्स ॲक्टमध्ये तशी सोय आहे, त्यामुळे बायकोने जाम टेन्शन घेतलंय. एका ट्रेनरने रिमोटवाला कॉलर सुचवला, म्हणे आधी बीप, मग व्हायब्रेशन, नाहीच ऐकलं तर शॉक, आणि शॉक म्हणजे नुसती टिचकी. पण आम्ही सुट्टीत पूल ओलांडून वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात फिरायला जातो आणि वेल्समध्ये या कॉलरवर बंदी आहे म्हणतात. कोणी वापरलाय का? आणि बंदी पटते का तुम्हाला?

कार्डिफची_मावशी
अरे बाबा, इकडे वेल्समध्ये कॉलर घालून येऊच नकोस! २०१० पासून बंदी आहे, कुत्रा आणि मांजर दोघांना. आणि बटण दाबलंच नाही ही सबब चालत नाही, शॉक देणारा कॉलर गळ्यात असला तरी गुन्हा. कॉलर बनवणारे त्याच वर्षी हायकोर्टात गेले होते, हरले. गंमत बघ, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेल्या देशाने ही बंदी आणली, आणि तिकडे इंग्लंडचं घोडं अडलंय. २०१८ला घोषणा, २०२३ला मसुदा, फेब्रुवारी २०२४पासून लागू होणार होतं, संसदेच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, मंजूरही केलं पण खालच्या, कॉमन्समध्ये, मतदानच झालं नाही.

रानभैरी
मी बंदीच्या विरोधात. गोळी खाऊन मरण्यापेक्षा दोन शॉक परवडले, आणि मेंढ्यांचं काय, त्यांना वेदना होत नाहीत का? शिवाय इंग्लंडच्या मसुद्यात फक्त हातातल्या रिमोटवर बंदी होती, बागेच्या कडेने वायर पुरून हद्द ओलांडली की शॉक बसतो ते कुंपण चालणार होतं. म्हणजे माणूस बघून बटण दाबतो ते क्रूर आणि मशीन आपोआप देतं ते ठीक? काय लॉजिक आहे हे.

शेपूट_शास्त्र
कुंपणाचा मुद्दा बरोबर आहे, ती पळवाटच होती (वेल्समध्ये ती पण नाही). पण "शॉक नाहीतर गोळी" एवढेच दोन पर्याय नाहीत. लिंकन युनिव्हर्सिटीने नेमकं हेच तपासलं, २०१४ला पेपर आला. ६३ कुत्रे, रिकॉलचा प्रॉब्लेम (हाक मारली तरी परत न येणे) असलेले, बरेचसे मेंढ्यांमागे लागणारे, आणि तीन गट. एका गटाला कॉलर कंपन्यांच्या संघटनेने सुचवलेल्याच ट्रेनरांनी कॉलर लावून शिकवलं, दुसऱ्याला त्यांनीच कॉलरशिवाय, तिसऱ्याला खाऊ-बक्षीसवाल्यांनी. सुधारणा तिन्हीकडे जवळजवळ सारखीच, पण शॉकवाले कुत्रे जास्त ताणात दिसले. आता एवढ्या तरबेज लोकांना कॉलरचा जादा फायदा मिळाला नाही तर धुक्यात, चढावर, धापा टाकत आपण ते बटण नेमकं कधी दाबणार? अर्धा सेकंद इकडेतिकडे झालं आणि त्या क्षणी समोरून एखादं पोर सायकलवर आलं तर कुत्रा दुखण्याचा संबंध त्या पोराशी जोडतो, मेंढीशी नाही. मग तुमच्याकडे मेंढ्यांमागे पळणारा आणि शिवाय पोरांवर गुरगुरणारा कुत्रा.

पुणेकर_पावला
तुमच्याकडे निदान वाद तरी होतोय. इथे हे कॉलर ऑनलाईन सर्रास मिळतात आणि १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पार्किंगला जास्त पडतात.

रानभैरी
शेपूटराव, पोराचा मुद्दा मान्य. पण डोंगरात खाऊचा तुकडा दाखवून मेंढी विसरणारा कुत्रा मला अजून दिसायचाय.

शेपूट_शास्त्र
डोंगरात दाखवायचाच नाही हो, आधी घरात, मग बागेत, मग लांबून मेंढ्या दिसतील अशा ठिकाणी, आणि तोवर कुत्रा दोरीला. महिने जातात, खोटं कशाला बोलू.

ब्रिस्टलवाला
ट्रेनरला नको म्हणून कळवलं. दहा मीटरची लाँग लाईन (लांब दोरी) बघतोय, गळ्यातल्या पट्ट्याला लावू की छातीवरच्या पट्ट्याला, हार्नेसला?

कार्डिफची_मावशी
हार्नेसलाच. पळत जाऊन दोरी संपली की सगळा हिसका मानेला बसतो. आणि हातमोजे घाल, तळहात सोलून निघतात.