रिलीव्हरांची क्रमवारी: सेव्ह मोजायचे की धावा?

शंतनू: बेसबॉलमधल्या सर्वोत्तम रिलीव्हरांची, म्हणजे सामन्याच्या मध्ये आधीच्या पिचरच्या जागी चेंडू टाकायला येणाऱ्यांची, यादी आज पक्की करून टाकू. निवृत्त झालेल्यांचे सेव्ह उतरत्या क्रमाने लावले की झालं: मारियानो रिव्हेरा ६५२, ट्रेव्हर हॉफमन ६०१, ली स्मिथ ४७८, फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ ४३७, जॉन फ्रँको ४२४, बिली वॅगनर ४२२.

निखिलदादा: पहिलं नाव बरोबर, मोजपट्टी चूक. या यादीत हॉइट विल्हेम कुठे आहे? गॉसेज? सेव्ह हा अधिकृत आकडा झालाच १९६९ मध्ये. त्याआधीच्या सामन्यांचे सेव्ह मागाहून मोजून भरलेत. तेव्हा तो आकडा अधिकृत नव्हता, मग त्यासाठी पिचर राखून ठेवण्याची पद्धतही रुळलेली नव्हती.

ऋचा: दादा, सेव्ह नक्की कधी मिळतो? मी आजवर एवढंच धरून चालले होते की शेवटची इनिंग टाकून सामना जिंकून दिला की मिळतो.

निखिलदादा: साधारण तसंच, पण अटी नीट बघ. टीम जिंकली पाहिजे, सामना त्याने संपवला पाहिजे, विजयी पिचर दुसरा कुणीतरी असला पाहिजे आणि त्याने किमान एक तरी आउट काढलेला असला पाहिजे. एवढं झाल्यावर तीनपैकी एक गोष्ट हवी. एक, तो आला तेव्हा आघाडी ३ धावांची किंवा कमी होती आणि त्याने एक पूर्ण इनिंग टाकली. दोन, तो आला तेव्हा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्यापुढच्या नंबरावर तयार उभा होता. तीन, त्याने चांगल्या तऱ्हेने किमान ३ इनिंग टाकल्या. या तिसऱ्या अटीत आघाडीला मर्यादाच नाही. २२ ऑगस्ट २००७ ला टेक्सासने बाल्टिमोरला ३०-३ असं हरवलं आणि वेस लिटलटनला सेव्ह मिळाला. तो आला तेव्हा १४-३ होतं.

ऋचा: ३०-३ मध्ये सेव्ह!

अण्णाकाका: आणि उलट बाजूही बघ. सामना नऊ इनिंगचा, सातव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी, बेसवर दोन रनर, एकच आउट. जो येऊन ती इनिंग तशीच मिटवतो त्याला सेव्ह नाही, कारण सामना दुसरा कुणीतरी संपवतो. सर्वांत अवघड काम त्याने केलं, नोंद मात्र नवव्यातल्याच्या नावावर. जुन्या काळी हे अवघड काम आणि शेवट दोन्ही एकच माणूस करायचा, म्हणून माझं मत गूस गॉसेजला. १९७७ मध्ये पिट्सबर्गकडून त्याने १३३ इनिंग टाकल्या, सगळ्या रिलीफमध्ये. ईआरए (दर ९ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड, म्हणजे पिचरच्या हिशेबात धरलेल्या, धावा) १.६२, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) १५१. आजचा क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा रिलीव्हर, वर्षाला ६०-७० इनिंग टाकतो.

शंतनू: पण काका, गॉसेजचे ब्लोन सेव्ह (सेव्हची संधी असताना आघाडी घालवली ते) ११२ आहेत, विक्रम आहे तो. ३१० सेव्ह आणि ११२ ब्लोन म्हणजे यश साधारण ७३ टक्के. रिव्हेराचं ६५२ आणि ८०, म्हणजे ८९ टक्के.

अण्णाकाका: अरे, हीच तर चुकीची तुलना. ब्लोन सेव्ह सातव्या इनिंगमध्येही लागतो. एका धावेची आघाडी आणि बेसवर आधीचे रनर असताना आलास आणि त्यातला एक सॅक्रिफाइस फ्लायवर (उंच झेल गेल्यावर धावून) घरी पोचला तरी ब्लोन. नवव्यात रिकाम्या बेसवर ३ धावांच्या आघाडीने सुरुवात करणाऱ्याला तो धोकाच नाही. २ ऑक्टोबर १९७८, यँकीज आणि बॉस्टन बरोबरीत आल्यावर एकाच सामन्यात लागलेला तो निकाल आठव. गॉसेज सातव्यात एक आउट झाल्यावर आला आणि २.२ इनिंग टाकल्या. आठव्यात दोन धावा दिल्या, ५-४ झालं. नवव्यात रनर पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर असताना यास्त्रेम्स्कीचा उंच झेल नेटल्सने तिसऱ्या बेसजवळ घेतला तेव्हा सामना संपला. आजच्या पद्धतीत ते तीन पिचरांचं काम झालं असतं.

मेधामावशी: शंतनू, तुझ्या शीटमध्ये रिव्हेराच्या इनिंग १२८३.२ अशा घातल्या आहेत ना? तो दशांश नाही. एका इनिंगमध्ये तीन आउट, म्हणून .१ म्हणजे एक आउट, .२ म्हणजे दोन आउट. शीटमध्ये १२८३.६७ घाल. एका माणसाच्या पूर्ण कारकिर्दीत फरक कळणार नाही, पण पोस्टसीझनच्या, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीच्या, १०-१५ इनिंगमध्ये ईआरए सरळ चुकतो.

मेधामावशी: रिव्हेराच्या पोस्टसीझनचंच गणित करून बघा. १४१ इनिंग, ११ अर्न्ड धावा. ११ गुणिले ९ भागिले १४१ = ०.७०. तेही ऑक्टोबरमध्ये, उत्तम टीमांविरुद्ध. त्या १४१ इनिंगमध्ये होमरन फक्त २: १९९७ ला सँडी अलोमार ज्युनियर आणि २००० ला जे पेटन. पहिल्या नंबरावर चर्चा नकोच.

निखिलदादा: मावशी, अगदी. आणि सेव्ह ही वाईट मोजपट्टी का, याचा पुरावाही रिव्हेराच. १९९६ मध्ये तो क्लोजर वेटलँडच्या आधी टाकायचा. १०७.२ इनिंग, १३० स्ट्राइकआउट, होमरन फक्त १, आणि सेव्ह किती? ५. कारकिर्दीतलं सर्वांत मौल्यवान वर्ष तेच, आणि सेव्हच्या यादीत ते दिसतच नाही.

ऋचा: एकाच चेंडूवर त्याने इतकी वर्षं काढली कशी? बॅटरला ठाऊक असायचं ना काय येणार ते?

निखिलदादा: ठाऊक असायचं, तरी मारता यायचं नाही. कटर. पकड चार-शिवणींच्या फास्टबॉलसारखीच, पण बोटं मध्यापासून जराशी बाजूला आणि दाब मधल्या बोटाचा. निम्म्याहून जास्त अंतर तो साधा फास्टबॉल वाटतो, मग अगदी शेवटी डावखुऱ्याच्या मुठीकडे काही इंच सरकतो. बॅटचा जाड भाग लागायच्या ऐवजी मुठीजवळचा बारीक भाग लागतो आणि बॅट तुटते. एरवी उजव्या हाताच्या पिचरपुढे डावखुरे बॅटर फायद्यात असतात. रिव्हेरापुढे तो फायदा उरला नाही. म्हणून काही स्विच-हिटर (दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारे) त्याच्यासमोर उजव्या बाजूने उभे राहायचे.

शंतनू: मग २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात त्याचं काय बिनसलं?

निखिलदादा: कटरने काम केलंच होतं. आठव्यात त्याने तिन्ही आउट स्ट्राइकआउटने काढले. नवव्यात ग्रेसचा सिंगल, मग बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू) उचलून रिव्हेराने दुसऱ्या बेसकडे टाकलेला थ्रो चुकला. खरा घात तिथे. पुढे वोमॅकच्या डबलने बरोबरी, काउन्सेलला चेंडू लागला, बेस भरले, एक आउट. घरी येणारी धाव अडवायला इनफिल्ड पुढे ओढलं. गोन्झालेझची बॅट दबली आणि झेल हलकाच उडाला, पण जीटर नेहमीच्या जागी नव्हता. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडला.

मेधामावशी: २००४ ला बॉस्टनमध्ये रिव्हेराचं बिनसलं तेव्हा मात्र सुरुवात वॉकने (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळालेल्या बेसने) झाली. मिलरला वॉक, डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्यूलरच्या सिंगलवर बरोबरी. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ओकलंडच्या डेनिस एकर्सलीचंही तसंच. दोन आउट असताना माइक डेव्हिसला वॉक, त्याने दुसरा बेस चोरला, मग ३-२ वर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) बॅकडोअर स्लायडर (बाहेरून प्लेटवर वळणारा चेंडू) आणि गिब्सनचा होमरन. डॉजर्सच्या स्काउटने आधीच सांगून ठेवलं होतं की डावखुऱ्याला ३-२ वर तो स्लायडरच टाकतो. शेवटच्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी असेल तर वॉक हिटइतकाच महाग पडतो. म्हणून सेव्हच्या आधी वॉकचा रकाना बघावा.

अण्णाकाका: वॉकच्या बाबतीत एकर्सलीसारखा दुसरा नाही. १९८९ आणि १९९० मिळून १३१ इनिंगमध्ये ७ वॉक! १९९० चा ईआरए ०.६१. १९९२ ला ५१ सेव्ह, साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) आणि एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडूचा) दोन्ही. पण क्रमवारीत त्याची १९८७ नंतरचीच वर्षं धरायची. त्याआधी तो स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, होता. ते विजय इथे मिसळले तर यादी रिलीव्हरांची राहणार नाही. आणि १९९३ ते १९९५ तिन्ही वर्षं ईआरए ४ च्या वर गेला. शिखर फार उंच, पण लहान.

मेधामावशी: आता माझा माणूस. हॉइट विल्हेम, दुसरा नंबर. पदार्पण वयाच्या २९ व्या वर्षी, १०७० सामने, त्यातले फक्त ५२ स्टार्ट. २२५४ इनिंग, ईआरए २.५२. रिलीफमध्ये १२४ विजय, तो विक्रम अजून त्याच्याच नावावर. १९६४ ते १९६८ सलग पाच वर्षं ईआरए २ च्या खाली, तेही वयाच्या चाळिशीनंतर. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीव्हरही तोच, १९८५.

शंतनू: मावशी, साठच्या दशकात धावाच कमी व्हायच्या. १९६९ ला माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला तो उगाच नाही.

मेधामावशी: म्हणूनच ईआरए प्लस बघायचा. त्यात त्या वर्षीची लीगची सरासरी आणि मैदान दोन्ही धरलेलं असतं, सरासरी पिचर म्हणजे १००. विल्हेम १४७, हॉफमन १४१. म्हणजे धावांचा दुष्काळ वजा करूनही विल्हेम पुढे, आणि इनिंग दुपटीहून जास्त. रिव्हेराचा २०५, किमान १००० इनिंग टाकलेल्या सगळ्या पिचरांत, स्टार्टर धरूनही, त्याच्या वर कुणी नाही.

निखिलदादा: विल्हेमबद्दल एक वजावट मात्र करावी लागेल. नकलबॉल बोटांच्या टोकांत धरून जवळजवळ न फिरवता सोडायचा. शिवणींवरून हवा कशी वळेल ते पिचरलाही माहीत नसतं, मग कॅचरला कुठून? पास्ड बॉल (कॅचरच्या हातून निसटलेले चेंडू) वाढतात, आणि पास्ड बॉलमुळे आलेली धाव अनअर्न्ड, ईआरएमध्ये धरत नाहीत. बाल्टिमोरचे मॅनेजर पॉल रिचर्ड्स यांनी १९६० मध्ये त्याच्या कॅचरसाठी अवाढव्य मिट बनवून घेतला तो याचसाठी. नकलबॉल टाकणाऱ्यांच्या बाबतीत दिलेल्या सगळ्या धावा मोजाव्यात. तसं मोजूनही तो दुसराच राहतो, पण रिव्हेराशी अंतर वाढतं.

मेधामावशी: हे मान्य.

ऋचा: याच धर्तीवर, आधीच्या पिचरने ठेवलेले रनर घरी आले तर धावा कुणाच्या खात्यात?

निखिलदादा: आधीच्याच्या! रिलीव्हरच्या ईआरएमधली सगळ्यात मोठी फट हीच. तीन रनर घरी येऊ दिले आणि नंतर तीन आउट काढले तरी त्याचा ईआरए शून्य. म्हणून मिळालेल्या रनरांपैकी किती घरी आले तो आकडा शेजारी ठेवायचा. आणि कोणत्या वेळी आला तेही. डेथ ओव्हर टाकणाऱ्याची इकॉनॉमी आपण मधल्या ओव्हरवाल्याशी लावत नाही, तसंच हे. लेव्हरेज इंडेक्स, म्हणजे प्रसंग किती निर्णायक त्याचा आकडा, त्यात सरासरी प्रसंग म्हणजे १. दोनच्या आसपास म्हणजे सामना तिथे फिरू शकतो.

शंतनू: ठीक. मग हॉफमन तिसरा तरी? ५०० आणि ६०० सेव्ह गाठणारा पहिला. १९९८ ला ५४ पैकी ५३.

निखिलदादा: हॉफमन आणि वॅगनर शेजारी ठेव. वॅगनर ९०३ इनिंग, २.३१. हॉफमन १०८९.१ इनिंग, २.८७. हॉफमनच्या अर्न्ड धावांतून वॅगनरच्या वजा केल्या तर साधारण ११५ उरतात, आणि जादा इनिंग १८६. म्हणजे वॅगनरपेक्षा हॉफमनने जे जास्त टाकलं त्याचा ईआरए साडेपाचच्या वर. तेवढा तर बुलपेनमधला (रिलीव्हरांच्या ताफ्यातला) शेवटचा माणूसही देतो. शिवाय २००४ पासूनचं सॅन दिएगोचं मैदान पिचरांना धार्जिणं. ईआरए प्लस १८७ विरुद्ध १४१ हा फरक उगाच नाही.

अण्णाकाका: पण वॅगनरचं पोस्टसीझन? ११.२ इनिंगमध्ये १०.०३!

निखिलदादा: वाईटच आहे, लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळेच मी त्याला गॉसेजच्या वर नेत नाही. पण ९०३ समोर ११.२ चं वजन तेवढंच धरायचं. हॉल ऑफ फेमच्या मतदारांनी शेवटच्या, दहाव्या संधीला, २०२५ मध्ये त्याला घेतलं. उशीर झाला.

अण्णाकाका: गॉसेजचा ईआरए प्लस १२६ दिसतो म्हणून कुणी खाली ढकलू नका. त्यात १९७६ आहे. शिकागोने त्याला स्टार्टर केलं होतं, ९ विजय, १७ पराभव, ईआरए ३.९४. ते वर्ष बाजूला काढून बघा.

शंतनू: काढलं. बराच सुधारतो. फिंगर्स आणि सटर?

मेधामावशी: फिंगर्स वर. १७०१.१ इनिंग, ओकलंडची १९७२ ते १९७४ सलग तीन विजेतेपदं, १९८१ ला १.०४ आणि एमव्हीपी. सटरचा स्प्लिटर जास्त घातक होता. दोन बोटं चेंडूच्या दोन बाजूंना फाकवून धरायची, हात फास्टबॉलच्याच वेगाने आणायचा. उलटी फिरकी कमी पडते म्हणून प्लेटजवळ चेंडू खाली बसतो. १९७३ च्या कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर शिकागो कब्ज या टीमच्या फ्रेड मार्टिन यांनी तो शिकवला. पण पुढे खांदा गेला आणि १०४२ इनिंगवर थांबावं लागलं.

निखिलदादा: मग यादी अशी: रिव्हेरा, विल्हेम, गॉसेज, वॅगनर, हॉफमन, एकर्सली, फिंगर्स, सटर. ली स्मिथ नववा. डॉजर्सचा क्लोजर एरिक गान्ये यात नाही. सलग ८४ सेव्ह जबरदस्त, पण मुख्य काळ तीनच वर्षांचा, आणि उत्तेजकांच्या वापरावरच्या २००७ च्या मिचेल अहवालात नाव आहे.

अण्णाकाका: माइक मार्शलला दहावा ठेवा. १९७४ ला १०६ सामने, २०८.१ इनिंग, सगळं रिलीफमध्ये, आणि साय यंग जिंकणारा पहिला रिलीव्हर.

शंतनू: एका वर्षावर दहावा नाही देणार, काका. डॅन क्विझनबेरी घ्या. खालून टाकायचा, वॉक जवळजवळ द्यायचाच नाही, २४४ सेव्ह, ईआरए २.७६. मावशींनी सांगितलेला वॉकचा रकाना लावला तर तोच बसतो.

मेधामावशी: क्विझनबेरीला माझं मत.

अण्णाकाका: बरं, घ्या क्विझनबेरी. पण शीटमध्ये मार्शलच्या इनिंग २०८.३३ लिही, २०८.१ नको.