चिमणी डक्टवाली की बिनडक्टची? आणि मायक्रोवेव्ह नक्की ठेवू कुठे?

फोडणीवाली, ठाणे
मंडळी, ओटा नव्याने करतोय आणि डोकं चालेनासं झालंय. किचन ८ बाय ९, गॅस खिडकीपासून साधारण ६ फुटांवर, मधे बीम. इंटिरियरवाला म्हणतो डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, वाईट दिसतो, बिनडक्टची चिमणी घ्या, नाहीतर परदेशातले फोटो दाखवतो की गॅसच्या बरोबर वर मायक्रोवेव्ह टांगू, त्यालाच खालून पंखा असतो, एकात दोन कामं. आमच्याकडे रोज दोन्ही वेळा फोडणी, रविवारी बोंबील नाहीतर सुरमई तळली जातेच. सासूबाई जेमतेम पाच फूट आणि मायक्रोवेव्ह जास्त त्याच वापरतात. काय करू?

कोथरूडकर
बिनडक्टची घेऊ नका. ती धूर बाहेर टाकतच नाही हो, तेल जाळीत अडकतं, वास कोळशाच्या फिल्टरमधे थोडा मरतो आणि तीच गरम दमट हवा परत तुमच्या तोंडावर. वर तो कोळसा धुता येत नाही, बदलतच राहायचा. बोंबलापुढे तर तो टिकणारच नाही.

आणि दुकानात १२००-१४०० सक्शनचे (तासाला किती घनमीटर हवा ओढते त्याचे) आकडे ऐकवतील त्यावर जाऊ नका. तुमचं किचन जेमतेम २० घनमीटर, म्हणजे १२०० ची चिमणी कागदावर तासाला ६० वेळा हवा बदलणार, पण पाइप लावला की तो आकडा कुठच्या कुठे जातो. खरा खेळ पाइपचा. ६ इंचीच लावा, वळणं दोनच्या वर नकोत आणि ताणून लावा. आमच्या फिटिंगवाल्याने जास्तीचा पाइप कापायचा कंटाळा केला आणि हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्या घालून लॉफ्टमधे कोंबला, दीड वर्ष आम्ही चिमणीलाच शिव्या घालतोय, मग दुसऱ्याने येऊन साडेतीन फूट कापून टाकला तर तीच चिमणी एकदम ओढायला लागली. बीमला भोक पाडू देऊ नका, खालून काढा, खिडकीची वरची काच कापून घ्या. बाहेरच्या टोकाला झडपेचं झाकण हवंच, नाहीतर कबुतरं संसार थाटतात.

जर्सीतली मावशी
अगं बाई, ते फोटोतलं आमच्या घरी आहे, बिल्डरनेच लावलेलं! मागच्या शेगडीचा धूर थोडाफार ओढतं, पुढच्या शेगडीचा सरळ कपाळावर. आमचं तर बाहेर काढलेलंच नाही, हवा वरून परत घरातच सोडतं, लसणाची फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचते. आणि खाली गॅस पेटलेला असताना हात उंच करून उकळती डाळ काढायची, सासूबाईंना तर हे अजिबात नको.

वायरमन_दादा
मायक्रोवेव्ह छातीच्या उंचीच्या वर नको एवढंच धरा. ओट्याच्या गॅसपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा नाहीतर उंच कपाटात खण करून घ्या, पण मागे-वर हवेला जागा सोडा, सुतार प्लायवूडमधे घट्ट बसवून मोकळा होतो आणि मशीन तापून बंद पडतं. किती जागा ते मशीनच्या पुस्तकात असतं, सुताराला ते पान दाखवाच. फ्रीजवर ठेवू नका. कन्व्हेक्शनवाला असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट आणि बोर्डापासून वेगळी लाइन, मिक्सरच्या प्लगात घालू नका. टाइल्स लागायच्या आत सांगा, नंतर फोडाफोडी.

फोडणीवाली, ठाणे
बरं झालं विचारलं, मायक्रोवेव्ह फ्रीजशेजारच्या कोपऱ्यात ओट्यावरच ठेवते. आता नवीन पेच. ओटा ३४ इंच, वर शेगडी ६, त्यावर २८ इंचांवर चिमणी धरली तर ६८, आणि नवरा पाच अकरा. रोज कपाळमोक्ष.

कोथरूडकर
तिरक्या काचेची घ्या, पुढची कड वर जाते. २६ ते ३० इंच चालतं, तुम्ही ३० वर लावा, त्याच्या वर नको, धूर बाजूने निसटतो. तरी आपटलाच तर त्याला भांडी घासायला लावा, सिंक तिकडे लांब आहे ना?

फोडणीवाली, ठाणे
सिंक चिमणीच्या शेजारीच आहे 😄