विषय: रस्त्यावरच्या रेघा आणि लेन, नेमकं काय पाळायचं?

सप्रेम नमस्कार मंडळी,
इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या आपल्या गटात काहीजणी नव्यानं कार शिकताहेत. रेघांचा अर्थ आणि चौराह्याआधी लेन कधी धरायची, हे जाणकारांनी लिहावं ही विनंती.
– राजेंद्रनगरहून

ताई, नमस्कार.
रंगाच्या आधी रेघ तुटक आहे की सलग, ते बघा. पांढरी तुटक असेल तर रस्ता मोकळा बघून लेन बदलता येते. पांढरी सलग असेल तर आपल्याच लेनमध्ये राहायचं. रस्त्याच्या मधोमध सलग पिवळी रेघ असली, तर आपल्या बाजूला राहून ओव्हरटेक चालतं, रेघेपलीकडे जायचं नाही. दुहेरी सलग पिवळी दोन्ही दिशांना बंद. जोडरेघेत एक तुटक, एक सलग असेल तर आपल्याकडची रेघ लागू.

जास्त चुका सिग्नलपाशी होतात. चौराहा जवळ आला की तुटक तुकडे संपून सलग रेघ लागते. तिथून पुढे लेन बदलायची नाही. म्हणून पलासिया चौराह्याला उजवीकडे वळायचं असेल, तर तुटक रेघ आहे तोवरच उजवी लेन धरा. क्रम असा: आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग हळूहळू लेन. मान वळवणं टाळू नका; डावीकडून शिरणारी अॅक्टिव्हा आरशात दिसतेच असं नाही. वळणाची लेन हुकली तर सरळ निघून जा आणि पुढून यू-टर्न घ्या. ऐनवेळी आडवी गाडी घातली की मागच्याला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही.

सरळ जाणाऱ्यांनी लेफ्ट टर्नची लेन अडवू नये, हे कळकळीनं सांगतो. थांबायचं ते झेब्राच्या अलीकडच्या जाड पट्टीआधी.
– सुदामानगरहून

काकांच्या पत्राला थोडी जोड. ए. बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, २०१३पासून होता. फेब्रुवारी २०२५मध्ये हायकोर्टानं तो काढायला सांगितलं. अशा कामाच्या टप्प्यात जुन्या रेघांवर विसंबू नका. बॅरिकेड आणि ट्रॅफिक पोलिसाचा इशारा आधी.

गोल चौराह्यावर आत फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला, शिरणाऱ्यानं थांबायचं. हे सगळं २०१७च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये आहे. ते मोडल्यास कलम १७७-अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड.
– विजयनगरहून

आभार, दादा. चौराह्याच्या मध्यभागी पिवळ्या रेघांची जाळी असते, तिचं काय?
– राजेंद्रनगरहून

पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसेपर्यंत जाळीत शिरायचं नाही, सिग्नल हिरवा असला तरी. तिथे एक गाडी अडकली की आडव्या रस्त्याचा हिरवा सिग्नल वाया जातो.
– विजयनगरहून