खिंड की घाट? आणि बोत्सन की बोल्त्सानो?

इटलीच्या उत्तरेला, ऑस्ट्रियाला खेटून जो डोंगराळ प्रांत आहे ना, ज्याला आपण साऊथ टायरॉल म्हणतो, तिथल्या ट्रिपबद्दल मराठीत लिहायला बसलेय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय. गावांना दोन-दोन नावं. बोत्सन म्हणजेच बोल्त्सानो, ब्रिक्सन म्हणजेच ब्रेस्सानोने, आणि ग्र्योडन खोऱ्यात तर एकाच गावाच्या पाटीवर सांक्ट उल्रिख, ओर्तिसेइ आणि उर्तिजेइ अशी तिन्ही. जर्मन, इटालियन आणि तिसरी लादीन, लॅटिनपासून आलेली छोटीशी भाषा आहे. मराठीत यातलं कुठलं धरू?

शिवाय पासला खिंड म्हणायचं की घाट? ब्रेनर खिंड लिहिलं की डोळ्यासमोर पावनखिंड येते, आणि ब्रेनरवरून तर मोटरवे, रेल्वे, ट्रकच्या रांगा सगळं चाललेलं असतं. आणि प्रांताचं वर्णन 'सीमाभाग' असं केलं तर चालेल का? जाणकारांनी सांगा प्लीज.

*

घाट-खिंडीचं सोपं आहे ताई. घाट म्हणजे चढण-उतरणीची अख्खी वाट, आणि खिंड म्हणजे डोंगरातली नेमकी ती फट जिथून पलीकडे जाता येतं. तेव्हा ब्रेनरचा घाट चढायचा आणि १३७० मीटरवर ब्रेनरच्या खिंडीत पोचायचं, दोन्ही शब्द लागतील. पावनखिंडीतून ट्रक जात नाहीत हा काही खिंडीचा दोष नाही :)

त्यात एक गंमत. तिकडे उंचावरच्या कितीतरी खिंडींच्या नावाला शेवटी 'योख' असतं. योख म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, आणि दोन शिखरांच्या मधली खाली उतरलेली धारही योखच. इटालियनमध्ये जोगो, लॅटिनमध्ये युगुम, संस्कृतात युग आणि आपलं जू, ही सगळी एकाच घरातली. लेखात कुठे टीझनयोख आलं तर तळटीप टाका, लोकांना आवडेल.

*

मी म्युनिकला असतो, वेरोनाला जाणारी गाडी ब्रेनरवरूनच जाते त्यामुळे या पाट्या नेहमीच्या. नावांच्या बाबतीत जरा जपून, कारण ही नावं नुसती भाषांतरं नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलुख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, १९१९ च्या सां-जेर्मांच्या तहाने. त्याच्याही आधी, युद्ध चालू असतानाच १९१६ मध्ये एत्तोरे तोलोमेइ नावाच्या कट्टर राष्ट्रवादी गृहस्थाने तिथल्या गावा-डोंगरांच्या इटालियन नावांची यादी छापून तयार ठेवली होती, आणि मुसोलिनी आल्यावर १९२३ मध्ये तिला सरकारी शिक्का मिळाला. आता बोल्त्सानो किंवा ब्रेस्सानोने ही इटालियन तोंडातली जुनीच नावं, त्यात काही खोटं नाही. पण श्टेर्त्सिंग बघा. तोलोमेइने तिथल्या रोमन ठाण्याचं विपितेनुम हे नाव उकरून काढलं आणि गावाचं केलं विपितेनो. म्हणजे शेकडो वर्षं विस्मरणात गेलेलं नाव एका सकाळी स्टेशनवर लागलं, आणि आज तिथले इटालियन ते अगदी सहज म्हणतात कारण त्यांच्यासाठी आजोबांपासून तेच आहे. बाळबोध ते कारस्थानी, सगळे नमुने त्या एका यादीत सापडतात.

त्याच वर्षी 'टिरोल' या शब्दावरच बंदी आली. आणि टिरोल नावाचा मूळ वाडा मेरानजवळ, म्हणजे इटलीकडे गेलेल्या भागातच! त्याऐवजी चालवलं ते आल्तो आदिजे, वरची आदिजे (जर्मनमध्ये तीच नदी एट्श). हे नाव नेपोलियनच्या काळात १८१० च्या आसपासच्या एका जिल्ह्याचं. जर्मन शाळा बंद झाल्या तेव्हा लोकांनी घरात चोरून वर्ग चालवले, त्यांना 'काटाकोंबेनशूले' म्हणतात, भुयारातल्या शाळा. मग १९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनीने विचारलं, जर्मनीत जाणार की इथे राहून इटालियन होणार? बहुतेकांनी जायचं लिहून दिलं, प्रत्यक्षात साधारण ७५ हजार गेले. राहायचं म्हणणारे 'डाब्लायबर', आणि गावागावात त्या शब्दावरून भाऊबंदकी माजली. तेव्हा हा शब्द मराठीत आणताना 'स्थानिक' वगैरे गुळगुळीत काही करू नका, 'इथेच राहिलेले' असं सरळ म्हणा.

माझं मत : पहिल्यांदा दोन्ही नावं द्या, पुढे त्या गावात जास्त लोक जे बोलतात ते. बोल्त्सानो शहरात जवळजवळ तीन चतुर्थांश लोक इटालियन भाषिक, दऱ्याखोऱ्यांत बहुतेक जर्मन. प्रांतासाठी मी स्युडटिरोल म्हणतो. २००१ पासून इटलीच्या घटनेतही आल्तो आदिजेच्या पुढे तिरकी रेघ मारून ते नाव आलंय, त्यामुळे कुणी हरकत घेणार नाही.

*

'सीमाभाग' नको. मराठीत सीमाभाग म्हटलं की बेळगाव, निपाणी, खानापूर, आणि वाद अजून चालू. इथे तसं नाहीये. १९४६ मध्ये पॅरिसला ऑस्ट्रियाचे ग्रुबर आणि इटलीचे दे गास्पेरी यांच्यात इथल्या जर्मन भाषिकांच्या स्वायत्ततेचा करार झाला, तो नीट पाळला जात नाही म्हणून ऑस्ट्रिया १९६० मध्ये युनोत गेली, १९६१ च्या जूनमध्ये तिथल्या फुटीरवाद्यांनी एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे उडवले, मग १९७२ ची वाढीव स्वायत्तता आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं जाहीर केलं. सरकारी नोकऱ्या आजही भाषेच्या प्रमाणात वाटतात म्हणजे चीड संपलीय असं नाही, पण सीमेची रेघ बदला म्हणणारे आता थोडेच. 'सीमेवरचा प्रांत' म्हणा.

रेघेवरून आठवलं, सीमा ठरवताना तत्त्व होतं घाटमाथ्याचं. पाणी आदिजेकडे वाहिलं तर इटली, इन नदीकडे वाहिलं तर ऑस्ट्रिया. ऐकायला झकास. पण इनिखन (इटालियन सान कांदिदो) हे गाव द्रावा नदीच्या अंगाला आहे, तिथलं पाणी ऑस्ट्रियातून डॅन्यूबला जातं, तरी गाव इटलीत! आणि वर ज्या टीझनयोखचा उल्लेख आलाय तिथेच १९९१ मध्ये तो बर्फातला माणूस, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा गोठलेला मृतदेह, सापडला. बर्फाच्या थरामुळे १९१९ नंतर माथ्याची रेघ थोडी उत्तरेला आखली गेली होती, त्यामुळे त्या जागेचं पाणी ऑस्ट्रियाकडे वाहत असूनही मोजणीत तो इटलीच्या हद्दीत ९२.५६ मीटर आत निघाला. आता बोल्त्सानोच्या म्युझियममध्ये आहे. नाव मात्र ओत्सी, ऑस्ट्रियातल्या ओत्सटालवरून.

*

बापरे, किती माहिती! धन्यवाद सगळ्यांना. एकच राहिलं, 'तोर्गेलन'ला काय म्हणू? शरद ऋतूत शेतघरी जाऊन नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट खायचे, सोबत क्न्योडल (पावाचे उकडलेले गोळे), सॉसेज वगैरे. शब्द तोर्गलवरून, म्हणजे द्राक्षं पिळायचं दाबयंत्र.

*

हुरडा पार्टी! हंगाम, शेत, शेकोटी, भाजलेलं खाणं, सगळं जुळतंय.

*

काका, हुरड्यासोबत ताक असतं, वाइन नाही. माझ्या सासूबाई वाचतायत हा धागा. तोर्गेलनच लिहा ताई आणि पुढे दोन ओळीत समजावून सांगा, लोक शिकतील नवा शब्द.