इंग्रजी वर्तमानपत्रं यादवी युद्धामुळेच निघाली का?

बाबा_पुणेकर: लेकीच्या प्रोजेक्टसाठी वाचत होतो. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली यादवी पेटली आणि त्या धामधुमीत इंग्रजी वर्तमानपत्रं जन्मली, असं दिलंय. लेक म्हणाली, "मग लढाईच्या आधी बातम्या कोण द्यायचं?" मी गप्प. कोणी सांगेल का?

खिळेजुळारी: लेक हुशार आहे. देशातल्या बातम्या देणारा पहिला अंक युद्धाच्या आधीचाच आहे. २९ नोव्हेंबर १६४१, लंडन. लढाईला तोंड फुटलं ते पुढच्या ऑगस्टात.

त्याआधीही, १६२० पासून, छापील बातम्या मिळायच्या, पण परदेशच्या. जर्मनीत कोणी कोणाला झोडपलं ते वाचा, घरचं विचारू नका! १६३२ साली त्यांच्यावरही बंदी आली. छापखान्यांवर स्टार चेंबर या न्यायालयाचा वचक होता. १६४१ च्या जुलैत पार्लमेंटने ते न्यायालयच मोडीत काढलं आणि राखणदार गेल्यावर चारेक महिन्यांत हा अंक निघाला. त्यात पार्लमेंटमधल्या आठवडाभराच्या कामकाजाची हकिकत होती. म्हणजे मोकळीक आधी मिळाली. युद्धाने दिली ती जहाल भाषा.

मी तीसेक वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवलेत, म्हणून माझी नजर छपाईवर जाते. एक ताव, दोन घड्या, आठ पृष्ठं, झाला अंक. छापयंत्र हाताने ओढायचं. काही अंकांचे स्कॅन बघा, शेवटच्या पानावर टाइप एकदम बारीक होतो. ऐनवेळी मजकूर आला आणि ताव वाढवणं परवडेना, दुसरं काय! आमच्याकडेही हेच चालायचं.

१६४३ च्या जानेवारीत राजाच्या बाजूने ऑक्सफर्डहून 'मर्क्युरियस ऑलिकस' निघालं. मर्क्युरी म्हणजे देवांचा निरोप्या, आपला नारदच, आणि कळ लावण्यातही तसाच. अंकावर मुद्दाम रविवारची तारीख, कारण त्या दिवशी धंदा करणं म्हणजे पार्लमेंटच्या बाजूच्या प्युरिटन, म्हणजे कडक धार्मिक प्रोटेस्टंट, मंडळींच्या लेखी पाप. लंडनमध्ये हे पत्र चोरून विकलं जायचं. ऑगस्टात उत्तरादाखल पार्लमेंटच्या बाजूचं 'मर्क्युरियस ब्रिटानिकस' आलं. नावात एक 'एन' कमी! ही चूक बघून माझा हात अजून प्रूफाच्या पेन्सिलीकडे जातो.

त्याचा लेखक मार्चमॉन्ट नीडहॅम. राजाच्या तोतरेपणाची टिंगल केली म्हणून पार्लमेंटनेच त्याचे कान उपटले, १६४६ मध्ये तुरुंगातही टाकलं. १६४७ मध्ये गडी राजाकडे, १६५० मध्ये पुन्हा पार्लमेंटच्या बाजूला, तोवर राजा जाऊन प्रजासत्ताक आलं होतं. दरवेळी नवं पत्र, लेखणी तीच.

सदाशिव_पेठी: काका, मोकळीक फार टिकली नाही हेही सांगा. जून १६४३ मध्ये पार्लमेंटनेच छापण्याआधी परवाना घ्यायचा हुकूम काढला. त्याविरुद्ध १६४४ साली कवी मिल्टनने 'एरिओपॅजिटिका' हे पत्रक लिहिलं. आणि १६५१ मध्ये नीडहॅमच्या 'मर्क्युरियस पॉलिटिकस' या नव्या पत्राचा परवाना-अधिकारी कोण? मिल्टन!

बाबा_पुणेकर: हे भारीच! पण असली आठ पानी चोपडी टिकली कशी? आमच्याकडे परवाचा पेपर आज रद्दीत.

खिळेजुळारी: जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याची कृपा. १६४० पासून वीस वर्षं तो चोपडी, पत्रकं, अंक गोळा करत होता. बहुतेकांवर हाताने तारीख टाकायचा. बावीस हजारांच्या आसपास नग आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातला एक खंड खुद्द चार्ल्सने वाचायला मागवला होता. १६४७ च्या नोव्हेंबरात राजा कैदेतून पळताना तो खंड चिखलात पडला. थॉमसनने तशी नोंद करून ठेवलीय. लेकीला हे आधी सांगा, तारखा नंतर.